प्रकाशाचा हिशेब
(रेडिओवरील भाषण)



जुन्नर-आंबेगाव तालुक्यांतली कितीतरी मुलं-मुली भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. होतात. काही पुण्याला जाऊन एम.एस्सी. करतात. पदवी हाती आली की घरात एकच विषय निघतो: आता पुढे काय? बी.एड., स्पर्धा परीक्षा की मिळेल ती नोकरी? या तिन्ही वाटा चांगल्याच आहेत. मला आज बोलायचं आहे ते चौथ्या वाटेबद्दल, म्हणजे प्रकाशिकी आणि फोटॉनिक्समधल्या कामाबद्दल. त्यातही सुरुवातीच्या तीन-चार वर्षांबद्दल, कारण माणूस घडतो तो त्याच काळात.

हा विषय आपल्याला परका नाही. नारायणगावच्या बागेत द्राक्षं तोडणीला आली की शेतकरी मणी चुरडतो, रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर रसाचा एक थेंब टाकतो, वरचं झाकण लावतो आणि उजेडाकडे धरून आत बघतो. निळा आणि पांढरा भाग पट्टीवर जिथे मिळतात, तो ब्रिक्सचा, म्हणजे रसातल्या साखरेचा आकडा. पाण्याचा अपवर्तनांक १.३३३, तर वीस टक्के साखर असलेल्या द्रावणाचा सुमारे १.३६४. फरक एवढासाच, पण बागेची तोडणी त्यावर ठरते. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतला पोलॅरिमीटरही प्रकाशावरच चालतो. साखरेचं द्रावण ध्रुवित प्रकाशाचं प्रतल किती अंशांनी फिरवतं, ते तो मोजतो.

आता आळेफाट्यापासून जवळच असलेल्या खोडदला येऊ. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने इथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. त्यांतल्या चौदा मध्यभागी जवळजवळ आहेत, बाकीच्या सोळा तीन दिशांना, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. तबकडी आकाशातून पकडते त्या रेडिओलहरी, पण तिथून मध्यवर्ती इमारतीपर्यंतचा प्रवास होतो प्रकाशातून. तबकडीपाशी लेसर असतो. रेडिओ संदेशाप्रमाणे त्याची तीव्रता कमीजास्त होते आणि तो प्रकाश जमिनीत पुरलेल्या ऑप्टिकल फायबरमधून धावतो. तांब्याच्या तारेत एवढ्या अंतरावर संदेश पार क्षीण झाला असता. शिवाय फायबरमधून रेडिओलहरी बाहेर सांडत नाहीत, त्यामुळे दुर्बिणीच्या कानाशी गोंगाट होत नाही.

इथेच प्रकाशाचा हिशेब सुरू होतो. चांगल्या फायबरमध्ये १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दर किलोमीटरला साधारण ०.२ डेसिबेल घटतो. २५ किलोमीटरला ५ डेसिबेल, म्हणजे निघालेल्या प्रकाशाचा जेमतेम एक तृतीयांश भाग पोचतो. वाटेत प्रत्येक सांध्याला, प्रत्येक कनेक्टरला थोडी गळती होतेच. पोचलेला प्रकाश या हिशेबापेक्षा कमी भरला, तर कुठे गेला? नव्या माणसाच्या हाती पहिल्यांदा येतं ते हेच काम.

ते कसं करतात? ओटीडीआर नावाचं उपकरण फायबरमध्ये प्रकाशाचा छोटा स्पंद सोडतं आणि परत येणारा क्षीण प्रकाश किती वेळाने आला ते मोजतं. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणून परतीचा प्रकाश १०० मायक्रोसेकंदांनी आला, तर बिघाड दहा किलोमीटरवर. रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली, तरी नेमकं कुठे खणायचं ते असं कळतं. मग फायबर सोलायचा, अल्कोहोलने पुसायचा, काटकोनात कापायचा आणि विजेच्या ठिणगीने जोडायचा. प्रकाश जिथून जातो तो गाभा फक्त नऊ मायक्रॉनचा, आपल्या केसाहून कितीतरी बारीक. त्यावर धुळीचा एक कण बसला तरी आकडा ढळतो. पुस्तकातलं सूत्र तोंडपाठ असलं, तरी हे काम हात बसल्याशिवाय येत नाही.

हा हात बसला की पुढची दारं उघडतात. छत्रपती संभाजीनगरला ऑप्टिकल फायबर तयार होतो. काचेची कांडी तापवून १२५ मायक्रॉनचा धागा ओढताना त्याची जाडी लेसरच्या प्रकाशाने सतत मोजावी लागते. गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३मध्ये मंजुरी दिली. तिथे चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमधून लेसर धावेल आणि भुजांच्या लांबीतला प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक टिपावा लागेल. आरसा स्वच्छ ठेवणारा, लेसर रेषेत आणणारा, प्रत्येक वाचन वहीत नोंदवणारा माणूस तिथे शास्त्रज्ञाइतकाच मोलाचा ठरेल.

पालकांशी मोकळेपणाने बोलतो. सुरुवातीची पदं बहुधा प्रकल्प-सहायकाची किंवा प्रशिक्षणार्थीची असतात. मुदत ठरलेली, पगार बेताचा. म्हणून घरची ओढाताण लक्षात घेऊनच निर्णय घ्या. पण ती वर्षं वाया गेली असं समजू नका. दूरसंचार, वैद्यकीय उपकरणं, संरक्षण, कारखान्यांतली तपासणी, या सगळीकडे मोजणारा माणूस लागतो आणि तसा माणूस सहजी मिळत नाही.

विद्यार्थ्यांनो, दुसऱ्या वर्षापासूनच तयारीला लागा. प्रॅक्टिकलच्या वहीत उत्तराबरोबर त्रुटी किती, हेही लिहा. वर्णपटमापक दुसऱ्याने लावून दिलेला वापरू नका, पहिल्यापासून स्वतः लावा. पायथन किंवा तत्सम एक संगणकभाषा शिका. विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तींना अर्ज करा. रामन परिणामाच्या शोधाची आठवण म्हणून २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो, तेव्हा खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं. तिथे तबकडीसमोर फोटो जरूर काढा, पण फायबरवर काम करणाऱ्या तंत्रज्ञाला गाठून दोन प्रश्नही विचारा.

आणि पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला जाल, तेव्हा पदाचं नाव आणि पगार विचारून झाल्यावर आणखी एक विचारा: इथे मला स्वतःच्या हाताने काय मोजायला मिळेल? उत्तर नेमकं मिळालं, तर ती नोकरी घ्या.