हा घरगुती मामला नाही



आईवडिलांची सेवा म्हणजे पुण्य, असं माझ्या आधीच्या वक्त्यांनी सांगितलं. टाळ्याही पडल्या. मला ते मान्य नाही. पुण्य म्हटलं की करणाऱ्याची मर्जी आली. नाही केलं तर विचारणारं कोणी नाही. म्हाताऱ्याची भाकरी आणि दिव्यांगाचं जगणं मी कोणाच्या मर्जीवर सोडणार नाही.

रिहे खोऱ्यात काय झालं ते तुमच्या डोळ्यांसमोर आहे. हिंजवडीला आयटी पार्क आलं, मुळशीत गुंठ्याला भाव आला. खाचरं विकली गेली, बंगले उठले. जिनं जन्मभर गुडघाभर चिखलात भाताची लावणी केली, तिचा अंगठा घेतला आणि तिची खाट मागच्या पडवीत गेली. कोणी बोललंच तर उत्तर ठरलेलं, 'आमचा घरगुती मामला आहे.' अरे, बांध कोरला तर गाव गोळा होतं. मग आई उपाशी राहिली तर गाव घरात का बसतं?

२००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा याला घरगुती मामला मानत नाही. मुलं सांभाळत नसतील तर प्रांतांकडे अर्ज करता येतो, वकील लागत नाही, महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं बक्षीसपत्र, अट मोडली तर रद्द होऊ शकतं. पण ती अट दस्तात स्वच्छ लिहिलेली हवी. तुमच्यातलेच लोक साक्षीदार म्हणून जातात ना? यापुढे आधी दस्त वाचा. अट नसेल तर साक्षीची सही करू नका.

दिव्यांगांचंही तेच. २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. कंपवातानं हात थरथरणारे आजोबा त्यात येऊ शकतात, हे किती घरांना माहीत आहे? ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्चायचे, असा शासनाचा नियम आहे. बंगल्यांमुळे घरपट्टी वाढते, तशी ही रक्कमही वाढली पाहिजे.

आणि सरकारलाही मी सोडणार नाही. श्रावणबाळ योजनेसाठी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत लागतं, म्हणजे महिन्याला साडेसतराशे. एवढ्यात कोणतं घर चालतं? ८० वर्षांखालच्या निराधार म्हाताऱ्याच्या निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा महिन्याला २०० रुपये. हा आकडा मंत्र्यांनी या खोऱ्यात येऊन वाचून दाखवावा!

म्हणून मी ठराव मांडतो. वाडीवाडीतल्या एकट्या म्हाताऱ्यांची आणि दिव्यांगांची यादी महिनाभरात व्हावी. पाच टक्क्यांचा हिशेब दर ग्रामसभेत मोठ्यानं वाचला जावा. हयातीच्या दाखल्यासाठी ज्यांना पौडला जाववत नाही, त्यांना गावाच्या खर्चानं गाडी मिळावी. ज्यांची हरकत असेल, त्यांनी आत्ता उभं राहून बोलावं.