कोनशिला केव्हा बसवावी?

(नगर परिषदेच्या नियोजित इमारतीसंबंधी भरलेल्या नागरिकांच्या सभेतील व्याख्यानाचा संपादित अंश)



आपल्या नगर परिषदेची नवी इमारत व्हावी की न व्हावी, हा आजचा विषय नाही. ती व्हावी, याविषयी सभागृहात एकमत आहे. वाद आहे तो मुहूर्ताचा. एक बाजू म्हणते, आजच नारळ फोडा, उशीर केला तर खर्च वाढेल. दुसरी म्हणते, आधी पाण्याची योजना पुरी होऊ द्या. दोन्हीकडे गावाचे हित पाहणारी माणसे आहेत. म्हणून कोणावरही टीका न करता मी आपणांस सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वीच्या मुंबईत घेऊन जाऊ इच्छितो.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर मुंबई महापालिकेची भव्य वास्तू उभी आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी ती पाहिली असेल. तिची कोनशिला डिसेंबर १८८४ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या हस्ते बसली. स्थानिक स्वराज्याचा १८८२ चा प्रसिद्ध ठराव याच रिपन यांचा. कोनशिला बसली त्या वर्षी महापालिकेच्या अध्यक्षपदी फिरोजशहा मेहता होते. मात्र प्रत्यक्ष बांधकाम सुरू व्हायला १८८९ साल उजाडले आणि वास्तू पूर्ण झाली ती १८९३ मध्ये. म्हणजे कोनशिलेपासून बांधकामापर्यंत चार वर्षांहून अधिक काळ लोटला!

या काळात मुंबई स्वस्थ बसली होती काय? मुळीच नाही. १८६० चा विहार तलाव आणि १८७९ चा तुळशी तलाव वाढत्या वस्तीला अपुरे पडू लागले होते. ठाणे जिल्ह्यात तानसा नदीवर धरण बांधून ते पाणी मुंबईत आणण्याचे प्रचंड काम याच दशकात हाती घेतले गेले आणि १८९२ मध्ये ते पाणी शहरात पोहोचले. दरम्यान १८८८ चा महापालिका कायदाही झाला. तो घडवण्यात मेहतांचा मोठा वाटा होता. हा क्रम कोणी मुद्दाम आखला, असे मी म्हणत नाही. पण तो बोलका आहे. आधी अधिकारांची चौकट ठरली, मग पाणी आले आणि त्यानंतर वास्तू पुरी झाली. वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या या वास्तूला सुमारे ११ लाख ८८ हजार रुपये लागले आणि खर्च मंजुरीच्या मर्यादेतच राहिला. आजच्या सुधारित अंदाजपत्रकांच्या काळात हे वाचून आश्चर्य वाटते.

पण मित्रहो, कथा येथे संपत नाही. वास्तू पूर्ण झाल्यावर अवघ्या तीन वर्षांत, १८९६ मध्ये, मांडवी भागात प्लेगने डोके वर काढले. तो ओळखणारे डॉ. अकासिओ व्हिएगस हे मूळचे गोव्याचे आणि महापालिकेचे सदस्य. ते रोग्यांच्या घरी गेले, म्हणून प्लेगचे निदान झाले. देखणे सभागृह होते, पण दाट वस्त्या आणि तुंबलेली गटारे तशीच होती. वास्तू हे साधन आहे, सेवा हे साध्य आहे, हे त्या वर्षाने शिकवले.

मग थांबावे, असा याचा अर्थ होतो काय? नाही. थांबण्याचीही किंमत असते. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत पाच जणांचे प्राण गेले आणि असंख्य कागदपत्रे भस्मसात झाली. आपल्या जुन्या इमारतीत जन्ममृत्यूच्या नोंदी आणि मिळकतींचे दप्तर गळक्या छताखाली ठेवलेले आहे. कर्मचारीही त्याच छताखाली बसतात. ते जळाले किंवा भिजले, तर गरिबाने आपल्या घराचा पुरावा कोठून आणावा? दप्तराची सुरक्षा आणि विजेच्या तारांची दुरुस्ती यांसाठी नव्या इमारतीची वाट पाहणे हा अपराध ठरेल. ते काम याच महिन्यात व्हावे.

इमारतीचा मुहूर्त मात्र पंचांगाने किंवा निवडणुकीच्या तारखेने ठरू नये. पाणीयोजनेचा निधी वेगळा राखलेला असावा आणि त्याला हात लागू नये. पूर्ण आराखडा व अंदाजपत्रक नागरिकांसमोर यावे. इमारत उभी राहिल्यावर वीज, देखभाल आणि स्वच्छता यांचा वार्षिक खर्च कोठून येणार, हेही ठरावात लिहिलेले असावे. नगर परिषदांची जकात १९९९ मध्येच गेली. बांधकामासाठी शासनाचे अनुदान मिळेलही, पण दिवे लावायचे ते आपल्याच घरपट्टीतून. या तिन्ही प्रश्नांना लेखी उत्तर मिळाले की एक दिवसही थांबू नये, कारण मग उशीर हाच अपव्यय ठरतो.

आणखी एक. १८९३ नंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९९३ मध्ये, ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि नगरपालिकांना घटनात्मक स्थान मिळाले. तरीही त्याच मुंबईच्या भव्य सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकाकडे होता. वास्तू होती, पण सभा नव्हती. सभागृहाला प्राण येतो तो त्यात बसणाऱ्या प्रतिनिधींमुळे आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या नागरिकांमुळे.

म्हणून माझी विनंती नगरसेवकांइतकीच आपणांसही आहे. पुढील सर्वसाधारण सभेत हा ठराव येईल, तेव्हा प्रेक्षकांच्या बाकांवर जाऊन बसा. आज तेथे मोडक्या खुर्च्या आहेत, हे मला ठाऊक आहे. पण त्या रिकाम्या राहिल्या, तर नव्या इमारतीतील खुर्च्याही रिकाम्याच राहतील.