उपचार संपतात तिथून पुढे



नवीन जालन्यात भरलेल्या नेत्रसेवेच्या या परिषदेचं अध्यक्षपद मला दिलंत, याबद्दल मनापासून आभार. डोळा दाखवायला लांबलांबची माणसं जालन्याची वाट धरतात. श्री गणपती नेत्रालयामुळे गावाला ही ओळख मिळाली. मोतीबिंदू काढला की बहुतेकांची नजर परत येते. काचबिंदूने गेलेली मात्र येत नाही. अशा वेळी रुग्णाला ऐकावं लागतं, ‘आता यापुढे उपचार नाही.’ त्या वाक्यानंतरच्या आयुष्याबद्दल मला आज बोलायचं आहे.

माणूस घरी येतो आणि घरचे मायेपोटी एकेक काम त्याच्या हातून काढून घेतात. आई गॅसजवळ गेली की ‘तू बस, भाजशील’. वडिलांनी चप्पल शोधली की ‘एकटे कुठे निघालात?’ बघता बघता स्वतःचा चहा, स्वतःचे पैसे, स्वतःचा रस्ता, सगळं दुसऱ्याच्या हाती जातं. नजर आजाराने नेलेली असते. स्वावलंबन आपण काढून घेतलेलं असतं.

ही कामं शिकता येतात. पेल्याच्या काठाला आतून बोटाचं पेर टेकवून पाणी ओतलं की ते सांडत नाही. सकाळच्या गोळ्यांना एक रबर, रात्रीच्या गोळ्यांना दोन. पाचशेच्या नोटेच्या कडांना पाच उठावदार रेघा असतात, शंभराच्या नोटेला चार. काठी खांद्याहून किंचित रुंद फिरवायची. उजवा पाय पुढे पडताना टोक डावीकडे टेकवायचं, म्हणजे पुढच्या पावलाची जागा आधीच तपासली जाते. सोबत करणाऱ्याने दंड धरून ढकलू नये. आपलं कोपर द्यावं आणि अर्धं पाऊल पुढे चालावं.

ज्यांना थोडं दिसतं, त्यांचे हाल वेगळे. काचबिंदूत बाजूची नजर आधी जाते. असा माणूस पेपर वाचतो आणि दारात ठेवलेल्या बादलीला अडखळतो. डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग बिघडलेला माणूस गल्लीतून नीट चालतो, पण समोरच्याचा चेहरा ओळखत नाही. लोक म्हणतात, सोंग करतो. त्याला गडद ताटात भात वाढा, पायऱ्यांच्या कडांना पिवळा पट्टा मारा. त्याचं निम्मं परावलंबन तिथेच कमी होईल. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने अंधत्व आणि अल्पदृष्टी यांची वेगळी नोंद घेतली आहे. आपल्या घरांनीही ती घ्यावी.

तुमच्याकडे माझ्या चार मागण्या आहेत. उपचार संपल्याचं सांगाल त्याच दिवशी, त्याच इमारतीत, पुढच्या प्रशिक्षणाची चिठ्ठी रुग्णाच्या हाती द्या. प्रशिक्षक त्याच्या स्वयंपाकघरात आणि त्याच्या गल्लीत जाऊ द्या. सुनेला, मुलालाही शिकवणीला बसवा. आणि नगरप्रशासनाला सांगा, कुंडलिका नदीच्या अलीकडच्या नवीन जालन्यातून पलीकडच्या जुन्या जालन्यात काठी टेकवत जाता यावं, असा मोकळा, सलग पदपथ द्या.

शस्त्रक्रियांचे आकडे आपण दरवर्षी अभिमानाने मांडतो. पुढच्या अहवालात आणखी एक रकाना ठेवू या: दृष्टी गेल्यावरही किती जण एकट्याने बाजारात जाऊन आले. तो भरण्याची जबाबदारी इथल्या प्रत्येकाने आजच अंगावर घ्यावी, ही विनंती.