परिचारिकेचा दूरचा कान

कर्करोग्याची शुश्रूषा म्हटली की रुग्णालयातील खाट आणि उशाशी उभी असलेली परिचारिका डोळ्यांपुढे येते. परंतु केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णाचे बहुतेक दिवस घरीच जातात. मळमळ, वेदना, धाप हे सारे तो तेथेच सोसतो. आणि पुढील भेटीत विचारले, तर ‘बरे आहे’ एवढेच सांगतो.

ही मधली मुकी जागा बोलती करण्याचा एक प्रयोग न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रात झाला. २००७ ते २०११ या काळात, रोग शरीरभर पसरू लागलेले ७६६ रुग्ण त्यात घेतले गेले. एका गटाने आपला त्रास संगणकावरून कळवावयाचा, आणि तो वाढताच परिचारिकेस सूचना जावयाची, अशी योजना होती. मग परिचारिका दूरध्वनीवरून सल्ला देई किंवा रुग्णास बोलावून घेई. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: या गटातील निम्मे रुग्ण ३१.२ महिन्यांहून अधिक जगले. नेहमीच्या पद्धतीत हाच आकडा २६ महिन्यांचा होता. येथे भर नव्या औषधाची नव्हती. वेळेवर ऐकून घेण्याची होती.

अर्थात दूरध्वनीला सीमा आहेत. केमोथेरपीमुळे रक्तातील पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना १००.४ अंश फॅरनहाइट ताप आला, तर बोलण्यात वेळ न दवडता रुग्णालयच गाठले पाहिजे. भारतात २०२० च्या दूरवैद्यक नियमांनी मॉर्फिनसारखी औषधे दुरून लिहून देण्यास मनाई केली. नाडीवरचा हातही यंत्रातून पोहोचत नाही. म्हणूनच नेमका प्रश्न विचारणे आणि उत्तरामागचे कण्हणे ओळखणे, हे परिचारिकेचे जुनेच कौशल्य आज अधिक मोलाचे ठरत आहे.