अध्याहृत ओळी

(हीरकमहोत्सवी माजी विद्यार्थी-पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरकमहोत्सवी वर्षात मुख्याध्यापिकेने शाळेच्या परंपरेवर बोलावे, अशी साहजिक अपेक्षा असते. परंपरेविषयी सकाळपासून या व्यासपीठावरून पुष्कळ आणि चांगले बोलले गेले आहे. मी आज आपल्या संगणककक्षातील सात क्रमांकाच्या यंत्रावरील एका फाइलीविषयी बोलणार आहे. माझा विषय मराठी. संगणकासमोर मी पन्नाशीनंतर बसले, तेही हौसेने नव्हे. संगणकशिक्षकांची जागा काही महिने रिकामी राहिली आणि तास तर घ्यायलाच हवेत, म्हणून बसले.

माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या बारा यंत्रांवर लिनक्स ही प्रणाली आहे. तिची एक गोष्ट मला पहिल्याच आठवड्यात आवडली. प्रत्येक आज्ञेची माहिती यंत्रातच ठेवलेली असते. ‘मॅन’ हा शब्द आणि पुढे आज्ञेचे नाव टंकले की माहितीचे पान समोर येते. ही रीत युनिक्सपासून आलेली. युनिक्सच्या माहितीपुस्तिकेची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ची आहे. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ती बेल प्रयोगशाळेत सिद्ध केली. तिच्या पानांवर ‘दोष’ असे एक शीर्षक असे आणि त्याखाली त्या आज्ञेतील उणिवा कर्त्यांनीच नोंदवलेल्या असत. पाठ्यपुस्तकांनीही हा प्रघात उचलावा, असे मला फार वाटते. पण ते असो.

अडचण एवढीच, की आमच्या यंत्रांवरील ही सारी पाने इंग्रजीत होती. नववीतील एका मुलीच्या वडिलांनी पालकसभेत मला सरळ विचारले, “बाई, हे सगळं इंग्रजीतच वाचायचं, तर पोरीला मराठी शाळेत कशाला ठेवायचं?” घरी मराठी, रस्त्यावर हिंदी आणि पुढे सगळीकडे इंग्रजी, अशा आपल्या गावात हा प्रश्न मला नवा नव्हता. माझ्याजवळ तयार उत्तरही होते. पण ते मला त्या दिवशी द्यावेसे वाटले नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात मी तो प्रश्न मुलांपुढे ठेवला. मुले म्हणाली, आपण मराठी पाने लिहू.

आणि त्यांनी लिहिली. फाइलींची यादी दाखवणारी, प्रत काढणारी, नाव बदलणारी, अशा नऊ आज्ञांची. प्रणालीत यासाठी सोय आहेच. यंत्राची भाषा मराठी ठेवली, तर ‘मॅन’ आधी मराठीच्या कप्प्यात पान शोधते. तेथे नसेल, तर कसलीही कुरकुर न करता इंग्रजी पान दाखवते. मुलांनी आपली पाने स्थानिक भर ठेवण्याच्या ठरलेल्या जागी, मराठीच्या कप्प्यात ठेवली. अकरा यंत्रांवर मराठी पाने उमटली. जोडाक्षरांमुळे ओळींची उजवी कड थोडी वेडीवाकडी आली, पण उमटली. सात क्रमांकाच्या यंत्रावर मात्र इंग्रजीच येत राहिले. शनिवारी पालक पाहायला येणार होते आणि तो बुधवार होता.

ही पाने कोठे शोधावीत, हे जिच्यात लिहिलेले असते ती ‘मॅनपाथ डॉट कॉन्फिग’ नावाची फाइल आम्ही उघडली. काही लिनक्स प्रकारांत तिचे नाव ‘मॅन डीबी डॉट कॉन्फ’ असे असते. तिच्यात पाने ठेवण्याच्या अनिवार्य जागांची यादी असते. कोणत्या ठिकाणच्या आज्ञेचे पान कोठे सापडेल, याच्या जोड्या असतात. विभाग कोणत्या क्रमाने धुंडाळावेत, हेही असते, आणि तो क्रम १, २, ३ असा सरळ नाही. तिसरा विभाग दुसऱ्याच्या आधी येतो. ‘प्रिंटएफ’ या नावाची पाने पहिल्या विभागातही आहेत आणि तिसऱ्यातही. विभाग न सांगता मागितले, तर पहिल्यातले मिळते. ‘सी’ भाषेतले हवे असेल, तर ३ हा आकडा आपण होऊन सांगावा लागतो.

याच फाइलीत कित्येक ओळींच्या आरंभी # हे चिन्ह असते. असे चिन्ह असलेली ओळ यंत्र सोडून देते. मुलांचा तर्क असा झाला, की या ओळी बंद आहेत, त्या चालू केल्या की काम होईल. एकेक चिन्ह पुसत ती खाली आली. काहीही बदलले नाही. मजकूर पडद्याएवढा तुकड्यातुकड्याने कोणत्या प्रोग्रामने दाखवावा, ही ओळ खुली केली. आधी जसे दिसत होते, तसेच दिसले.

येथे मला माझ्या विषयाने हात दिला. त्या ओळींच्या वर फाइलीतच लिहिलेले आहे, की या व्याख्या चिन्ह घालून ठेवल्या आहेत, कारण त्यांत दिलेली मूल्ये मुळातच लागू आहेत. बदल हवा असेल, तर चिन्ह काढा आणि मूल्यही बदला. मी मुलांना म्हटले, “‘ये’ या वाक्याचा कर्ता कोण?” वर्ग म्हणाला, “तू.” “लिहिला आहे का?” “नाही, अध्याहृत आहे.” डिफॉल्ट म्हणजे हेच. ते लिहिलेले नसते, पण लागू असते. # असलेली ती ओळ म्हणजे अध्याहृत कर्ता कंसात लिहून दाखवावा, तशी. कंस काढून ‘तू ये’ म्हटले, म्हणून दुसराच कोणी येत नाही. पूर्वनिर्धारित असा एक जड शब्द यासाठी वापरतात. आमच्या नववीत तेव्हापासून अध्याहृतच म्हणतात. व्याकरणाचा तास संगणककक्षात इतका शांततेत होईल, असे मला वाटले नव्हते.

फाइल पूर्ववत करायची, तर आम्ही बदल करण्यापूर्वी तिची प्रत ठेवलेली नव्हती. ही चूक माझी. सहा क्रमांकाच्या यंत्रावरून प्रत आणून मुलांनी एकेक चिन्ह जागेवर बसवले आणि दोन्ही फाइली ‘डिफ’ या आज्ञेने ताडून पाहिल्या. फरक नसला, की ही आज्ञा काहीच छापत नाही. तिने काहीच छापले नाही. फाइली अक्षरशः सारख्या, तरी एक यंत्र मराठी दाखवते आणि दुसरे दाखवत नाही.

तेव्हा तीच मुलगी, जिच्या वडिलांनी तो प्रश्न विचारला होता, म्हणाली, “बाई, पण हे मशीन ही फाइल वाचतंय तरी का?”

या फाइलीचेही माहितीपान असते, पाचव्या विभागात. ते आणि ‘मॅनपाथ’ या आज्ञेचे पान तिने इंग्रजीतूनच, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचले. मग ती आज्ञा चालवली. यंत्राने सूचना दिली, की मॅनपाथ नावाचे एक चल आधीच ठरवलेले आहे, म्हणून फाइलीकडे दुर्लक्ष करत आहे. ‘मॅन’ने दोन दिवस आम्हाला याची कल्पनाही दिली नव्हती. सामाईक खात्याच्या आरंभीच वाचल्या जाणाऱ्या फाइलीत ती ओळ सापडली. तिच्यात एकच जागा लिहिलेली होती, आणि त्या जागी आमची मराठी पाने नव्हती.

ती ओळ माझी होती. एप्रिलच्या सुटीत शिकताना मी त्याच यंत्रावर बसत असे. कोठूनतरी वहीत उतरवलेली ती ओळ मी तेथे लिहिली आणि विसरले. मुलांना हे सांगताना जीभ थोडी अडखळली, हे कबूल करते.

दुरुस्ती काय झाली, ते ऐकण्यासारखे आहे. ओळ पुसून टाकता आली असती. पण त्या पानात असे दिले आहे, की या चलाच्या शेवटी अपूर्णविराम घातला, तर यंत्र आधी तुम्ही सांगितलेली जागा पाहते आणि मग फाइलीतल्या सर्व जागाही पाहते. आरंभी घातला, तर आधी फाइलीतल्या, मग तुमची. मुळीच नसला, तर फक्त तुमची. ‘हेच’ आणि ‘हेही’ यांतला फरक त्या दोन टिंबांचा होता. निबंधातल्या सुटलेल्या अपूर्णविरामांना मी तीस वर्षे लाल शाईने वर्तुळ करत आले आहे. पण मुलांना त्याची किंमत मला त्या गुरुवारी पटवावी लागली नाही.

शनिवारी बाराही यंत्रांवर मराठी पाने दिसली. तिच्या वडिलांनी तिचे पान उभ्याने, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचले. तरीही जूनमध्ये त्यांनी तिचा दाखला नेला. ती आता इंग्रजी माध्यमात आहे. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी बराच विचार केला होता, आणि कोणत्या चिंतेने केला, हे या सभागृहातील प्रत्येक पालकाला ठाऊक आहे.

तिने लिहिलेल्या पानाच्या तळाशी ‘दोष’ हे शीर्षक आहे. त्याखाली तिने लिहिले आहे, की या पानातील दोन शब्दांना मराठी प्रतिशब्द सापडले नाहीत. कोणाला सुचल्यास भरावेत.

संगणककक्ष आज सायंकाळी सहापर्यंत उघडा राहील. ज्यांना ते शब्द सुचतील, त्यांच्यासाठी सात क्रमांकाच्या यंत्राशेजारी वही ठेवली आहे.