आस्वाद आणि परिमाण

(संस्थेच्या सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्ण महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आपणासमोर विचार मांडण्याची संधी मिळाली, याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा ऋणी आहे. आहारशुद्धीवर बोलावे, अशी मला सूचना होती. त्या विषयावर पूज्य मुनिजनांनी पुष्कळ सांगितले आहे. माझा तो अधिकार नाही. मी बोलणार आहे ते वेफर्स, फरसाण, बिस्किटे आणि शीतपेये यांविषयी, म्हणजे ज्यांना आपण सरसकट ‘जंक फूड’ म्हणतो त्यांविषयी.

प्रथम एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी मी घरात नियम केला होता की, बाजारातले पाकीट उंबऱ्याच्या आत यायचे नाही. त्या नियमाचा मला अभिमानही होता. एके दिवशी नातवाच्या पुस्तकांच्या कपाटामागे केळ्याच्या वेफर्सची चार रिकामी पाकिटे सापडली. विचारले, तेव्हा तो दहा वर्षांचा मुलगा खाली मान घालून म्हणाला, “माझी नाहीत, आजोबा.” वेफर्सपेक्षा त्या असत्याने मी अधिक व्यथित झालो. त्या रात्री सूनबाई हळूच म्हणाल्या, “बाबा, तुमची चहाबरोबरची रोजची शेव कशात मोडते?” मी निरुत्तर झालो. शेव ओळखीच्या दुकानातून येई आणि घरच्या डब्यात जाई; म्हणून ती मला बाजाराची वाटतच नव्हती! त्याच महिन्यात माझा रक्तदाब वाढल्याचे निष्पन्न झाले आणि डॉक्टरांनी दिवसभरातील मिठाचा हिशेब मांडायला सांगितले.

तो हिशेब आपणासही सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. पाकिटावर मीठ नव्हे, सोडियम लिहिलेले असते. त्याला अडीचने गुणले की मिठाचे प्रमाण मिळते. मी पाहिलेल्या शेवेच्या पाकिटावर १०० ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम सोडियम होते, म्हणजे २ ग्रॅम मीठ. ५० ग्रॅमची वाटी खाल्ली तर १ ग्रॅम. परंतु २०० ग्रॅमचे अख्खे पाकीट बोलता बोलता संपले तर ४ ग्रॅम! पदार्थ तोच, जिभेचा आनंदही तोच. फरक पडला तो केवळ मापाने. साखरेचेही तसेच आहे. वरून घातलेली साखर दिवसाला सुमारे २५ ग्रॅमच्या आत राहणे उत्तम, असे तीच संघटना सांगते. आणि ३०० मिलिलिटरच्या गोड शीतपेयात बहुधा ३० ग्रॅमहून अधिक साखर असते.

येथे एक भ्रम दूर करणे आवश्यक आहे. पाकिटावर ‘जैन’ हा शब्द दिसला की आपण निश्चिंत होतो. त्या शब्दाने कंदमुळे नसल्याचे आश्वासन मिळते. हिरव्या ठिपक्याने पदार्थ शाकाहारी असल्याचे कळते. तेल, मीठ आणि साखर यांविषयी ही दोन्ही चिन्हे मौन पाळतात. त्यासाठी पाकीट उलटून मागचा बारीक मजकूर वाचावा लागतो. त्यातील घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेले असतात. साखर किंवा तेल पहिल्या दोन-तीन नावांत असेल, तर काय ते समजून घ्यावे.

मग हे सारे वर्ज्यच का करू नये? ज्यांना ते साधते, त्यांना माझे वंदन. परंतु मुलावर लादलेली बंदी त्याला संयम शिकवीलच असे नाही. कधी कधी ती केवळ लपवणे शिकवते. दुसरीकडे, ‘जरासे खाल्ले तर काय बिघडते’ हेही पुरेसे नाही. अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २० जणांना दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे अन्न, दोन्ही हवे तेवढे, खाऊ दिले. प्रक्रियायुक्त अन्न असताना ते दिवसाला सुमारे ५०० कॅलरी अधिक खात होते आणि अधिक वेगाने खात होते. तात्पर्य, पाकीट हातात आल्यावर माप ठरवू म्हटले तर ते ठरत नाही. ते आधीच ठरवावे लागते.

आणि हेच आपल्या पूर्वाचार्यांनी सांगितले आहे. बाह्य तपांमध्ये उपवासानंतर लगेच ऊनोदरीचे स्थान आहे, म्हणजे भुकेपेक्षा चार घास कमी खाणे. श्रावकाच्या बारा व्रतांत भोगोपभोगाचे परिमाण आहे. मुनींसाठी त्याग, गृहस्थासाठी परिमाण. ही गृहस्थाला दिलेली सवलत नव्हे, ती त्याची साधना आहे.

आमच्या घरात आम्ही नवा नियम केला, तो नातवाला शेजारी बसवून आणि दोघांनाही लागू. रविवारी दुपारी एक वाटी, त्याच्या आवडीची. पाकिटातून थेट खायचे नाही. वाटीत काढून पाकीट बंद करायचे. दूरदर्शन संच बंद ठेवून, सर्वांनी एकत्र बसून, सूर्यास्तापूर्वी खायचे. माझी रोजची शेवही त्याच वाटीत आली. पहिले काही दिवस चहा मला फार बेचव लागला, हे प्रामाणिकपणे सांगतो.

शासनाने २०२० साली नियम करून शाळेच्या आवारात आणि प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या परिसरात अति मेद, मीठ आणि साखर असलेल्या पदार्थांच्या विक्रीस मनाई केली. ते योग्यच झाले. परंतु एक्कावन्नाव्या मीटरवर मुलाचा स्वतःचा विवेकच कामी येणार.

मध्यंतरी एका शनिवारी नातू शाळेतून आला आणि स्वतःहून म्हणाला, “आजोबा, आज मित्राच्या वाढदिवसाला वेफर्स खाल्ले. उद्याची माझी वाटी नको.” मी त्याला काहीही विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी मीही माझी वाटी घेतली नाही.

आस्वाद घ्यावा, परंतु परिमाण आपल्या हाती असावे, एवढीच नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो. जय जिनेंद्र!