कोअरला हात न लावता : प्लग-इनची नोंदणी कशी डिझाइन करावी?

एसटीत हेडफोन लावून बसला असाल, तर आवाज थोडा वाढवा. आजचा विषय कोडचा आहे, पण सुरुवात जिनिंगपासून करू.

समजा, खामगावच्या एका जिनिंगवाल्याचं बिलिंग ईआरपीनेक्स्टवर चालतं. तो तुम्हाला म्हणतो, "दादा, कापसाच्या वजनातून ओलाव्याची घट आपोआप वजा झाली पाहिजे." सोपा रस्ता काय? मूळ फाइल उघडायची, चार ओळी टाकायच्या, झालं. दिवाळीपर्यंत मस्त चालतं. मग अपडेट येतं. ती फाइल वरूनच बदललेली असते, तुमच्या ओळी कॉन्फ्लिक्टमध्ये अडकतात, आणि बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली. काटापट्टी निघाली नाही की शेतकऱ्याचे पैसे अडकतात. म्हणजे आपण जे बोलतोय, ते नुसतं कोडच्या सौंदर्याबद्दल नाही.

आता ईआरपीनेक्स्ट ज्या फ्रेमवर्कवर उभं आहे, ते बघा : फ्रॅपे. आपल्या मुंबईतलं, ओपन सोर्स, पायथॉन आणि जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं. तिथे तुम्ही मूळ कोडला हात लावत नाही. स्वतःचं वेगळं ॲप बनवता. त्या ॲपमध्ये 'हुक्स डॉट पीवाय' नावाची फाइल असते. तिच्यात तुम्ही फक्त सांगता : खरेदी पावती सेव्ह होण्याआधी तपासली जाते ना, तेव्हा माझं हे फंक्शन बोलवा. बोलवायचं काम फ्रेमवर्कचं.

हे बाजार समितीसारखं आहे. नवा आडत्या आला म्हणून कोणी यार्ड पाडून नव्यानं बांधत नाही. तो लायसन्स घेतो, त्याचं नाव रजिस्टरला चढतं, आणि ठरलेल्या नियमानं त्याचं काम सुरू होतं.

फ्रॅपेत ही नोंदणी दोन पायऱ्यांत होते. 'बेंच गेट-ॲप' या कमांडनं कोड सर्व्हरवर येतो. 'इन्स्टॉल-ॲप' दिल्यावर ते ॲप एका विशिष्ट साइटला जोडलं जातं. फायदा काय? एकाच सर्व्हरवर खामगावची जिनिंग आणि चिखलीचं कृषी केंद्र, दोघांच्या साइट असू शकतात. ओलाव्याचं ॲप फक्त जिनिंगला लागतं, कृषी केंद्राला त्याचा काही त्रास नाही.

आता तुम्ही स्वतः असं काही डिझाइन करणार असाल, तर चार प्रश्न आधी सोडवा.

पहिला : नाव कोण चढवणार? फोल्डरमध्ये जे सापडेल ते आपोआप लोड करणं सोपं वाटतं. पण मग कोणी चुकून टाकलेली फाइलसुद्धा चालू लागते. जँगोमध्ये म्हणूनच सेटिंग्जमध्ये 'इन्स्टॉल्ड ॲप्स' अशी यादी असते. काय चालू आहे, ते एका जागी वाचता येतं.

दुसरा : कधी? जँगो आधी सगळ्या ॲपची ओळख करून घेतं, मग मॉडेल्स लोड करतं, आणि शेवटी प्रत्येकाचं 'रेडी' फंक्शन बोलावतं. कारण एक ॲप दुसऱ्याला हाक मारेल आणि दुसरं अजून आलेलंच नसेल, तर सगळं कोसळतं. आणि हो, 'रेडी'मध्ये डेटाबेसला विचारपूस करू नका, असं जँगोचं डॉक्युमेंटेशनच सांगतं.

तिसरा : भांडण झालं तर? एकाच लेबलची दोन ॲप दिसली, तर जँगो सुरूच होत नाही, सरळ एरर देतं. फ्रॅपेत एका घटनेवर अनेक ॲपची फंक्शन्स लावली, तर ती इन्स्टॉल झालेल्या क्रमानं चालतात. पण दोन ॲपनी एकच गोष्ट ओव्हरराइड केली, तर शेवटचं जिंकतं. क्रम हा सुद्धा डिझाइनचा भाग आहे, तो नशिबावर सोडू नका.

चौथा, जो बहुतेक जण विसरतात : बाहेर कसं काढणार? नाव काढलं की मागे लोंबकळणारं काही राहू नये. म्हणून फ्रॅपेत अनइन्स्टॉल होण्याआधी चालणारा हुकही आहे.

आजचा गृहपाठ. पायथॉनची एक साधी डिक्शनरी घ्या. 'रजिस्टर' नावाचं फंक्शन लिहा, त्यात नाव आणि फंक्शन द्या. तेच नाव दुसऱ्यांदा आलं, तर एरर द्या. सर्व्हर सुरू झाला की नोंदणी बंद करा. वीस-तीस ओळींत होतं, मोबाइलवरसुद्धा जमेल.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. नोंदणीची जागा नीट असली, की मेहकरच्या पोराला मूळ सॉफ्टवेअरवाल्यांची परवानगी मागावी लागत नाही. आपल्या गावच्या काट्याचं कोड तो आपल्या गावात बसून लिहितो. आणि अपडेट आलं, तरी काटा थांबण्याची भीती खूप कमी होते.

गृहपाठ करून बघा. भेटू पुढच्या भागात!